अर्थशास्त्राला गणित लागतं म्हणे

८ डिसेंबर १९७२

सहामाहीचे पेपर मिळाले. अर्थशास्त्रात वर्गात पहिली. आनंद व्हायला हवा होता. पण सकाळी बोर्डिंगच्या चुलीपुढं बसून डोळे असे चुरचुरत होते की स्वतःचे मार्कही नीट दिसेनात.

तास संपल्यावर मुळे सरांनी थांबवून घेतलं. अर्थशास्त्र तेच शिकवतात. दुष्काळात बाजरी महागली तरी लोकांनी उलट जास्तच का घेतली, हे मी सोनईच्या बाजारातलं लिहिलं होतं. म्हणाले, "हे पुस्तकात नाही. कुठून आणलंस?" म्हटलं, "आईबरोबर बाजारात उभी होते सर. पुढच्या बाजारी आणखी महागेल म्हणून बायका पिशव्या भरत होत्या." खूश झाले. मग पुढचा विचार काय, विचारलं. मी आपलं पाठ केलेलं सांगितलं. बी. ए., मग बी. एड., मग शाळा.

"आणि एम. ए. अर्थशास्त्र? पुण्याला? तुझ्यासारखीनं का नाही करायचं?"

डोक्यात कधी आलंच नव्हतं. मी प्री-डिग्रीतली, कॉलेजात येऊन जेमतेम सहा महिने, आणि हे एम. ए.चं बोलतायत. 

मग म्हणाले, "एस. एस. सी.ला गणित कुठलं होतं?"

"लोअर."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "अरेरे," म्हणाले. एवढंच. त्या अरेरेनं दिवस खाल्ला.

९ डिसेंबर

कालचं अजून जात नाही डोक्यातून.

लोअर म्हणजे नुसतं अंकगणित. नफा-तोटा, व्याज, काम आणि मजूर. बीजगणित-भूमिती नाही. आमच्या मुलींच्या शाळेत हुशार मुलींना लोअरच द्यायची पद्धत, जोडीला फिजिऑलॉजी-हायजिन. दोन्हीत मार्क पाण्यासारखे पडतात. मला आठवतंय, हेडबाईंनी बाबांना बोलावून घेतलं होतं. "मास्तर, हायर घेतलं तर पोरगी सत्तराच्या आत अडकेल. लोअर द्या, केंद्रात पहिली काढून दाखवते." बाबा स्वतः प्राथमिक शिक्षक. त्यांना ते पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू.

आले पहिली. चर्चमध्ये हार घातला पाळकसाहेबांनी. त्याच मार्कांवर कॉलेजची फ्रीशिप, त्याच मार्कांवर मिशनच्या बोर्डिंगात मी आणि धाकटी रुथ दोघी फुकट. आणि आता सर म्हणतात अरेरे.

१२ डिसेंबर

कि. ड्यू. (किचन ड्यूटी) आठवडाभर माझीच. माझ्या जोडीची शीला तापानं पडलीय. मिलोच्या भाकऱ्या, म्हणजे रेशनवरची ती अमेरिकेची ज्वारी. लाल पीठ, चिकटपणा नावाला नाही, थापता थापता फाटतं. पोरी खात नाहीत, टाकता येत नाही, मे. बाई (आमच्या मेट्रन) ताटात शिल्लक दिसली की मला बोलतात. भाकरी मी केली, मिलो काय मी पिकवला?

दुपारी धीर करून सरांना विचारलं, अर्थशास्त्राला गणित कशाला लागतं? ते म्हणाले, "बाजरीची मागणी का वाढली, ते तू छान सांगितलंस. किती वाढली ते सांग." मी म्हटलं, "खूप." "भाव एवढ्यानं चढला तर मागणी केवढ्यानं हलेल? तिथं पुण्यात पहिल्या दिवसापासून हेच विचारतात." लायब्ररीतलं एक इंग्रजी पुस्तक उघडून दाखवलं. निम्म्या पानावर एक्स आणि वाय. मला वाटलं, चुकून दुसऱ्याच विषयाचं पुस्तक उघडलंय.

सरांचा बेत असा. जूनमध्ये एफ. वाय. बी. ए.चे विषय घेताना गणित घ्यायचं. पुढं एस. वाय.ला अर्थशास्त्र स्पेशल, पण गणित सोडायचं नाही. "आत्ता सुटलं की सुटलं. बी. ए. झाल्यावर मागं येऊन भरता येत नाही ते. माझं स्वतःचं तसंच झालं," म्हणाले. त्यांचं पुण्याचं राहिलं ते त्यामुळंच, हे मला पहिल्यांदाच कळलं.

पण दुसरीही बाजू आहे. पुण्याला फर्स्ट क्लासही लागतो. गणित घेऊन आपटले तर क्लास जाणार, फ्रीशिप जाणार. न घेता इतिहास-मराठी घेतलं तर क्लास येईल आरामात, आणि पुढं एम. ए.च्या वर्गात भिंतीकडं बघत बसायचं. इकडं आड तिकडं विहीर, आणि दोन्हींत पाणी नाही यंदा.

२६ डिसेंबर

घरी. नाताळ झाला. सोजी केली आईनं, करंज्या नाहीत. तेल मिळालं नाही.

बाबांच्या शाळेत निम्मी पोरं नाहीत. आईबापांबरोबर खडी फोडायला दुष्काळी कामावर गेलीत. बाबा रिकाम्या वर्गाला शिकवून येतात आणि न शिकवल्यासारखे दमतात.

जेवताना बाबा म्हणाले, "आमच्या शाळेच्या संस्थेच्या साहेबांनी शब्द दिलाय. जूनमधी डी. एड.ला तुझी जागा धरली. दोन वर्षांत मास्तरीण. मी रिटायर व्हायला अन् तू लागायला एकच गाठ पडंल."

आई म्हणाली, "मंग लग्नाचं बी बघता येईल. मास्तरणीला स्थळं लई येत्यात."

मी भाकरीकडं बघत बसले. तेवढ्यात रुथी, हिलाच काय ते सांगितलं होतं मी, जिभेला हाड नसलेली, "ताईला डी. एड. नाही करायचं, ताईला बीजगणित शिकायचंय!"

बाबा हसले. त्यांना वाटलं चेष्टा. मीही हसले. भित्री कुठली.

६ जानेवारी १९७३

बोर्डिंग. शिकवणी सुरू. मास्तरीण: रुथ. इयत्ता आठवी. विद्यार्थिनी: मी. एस. एस. सी. केंद्रात पहिली, नंतर दोन वर्षं गावात बालवाडीची बाई, आता प्री-डिग्री. देवा, काय दिवस आणलेस.

हौदाच्या कठड्यावर बसतो, पोरी वेणीफणी करतात तेव्हा. रुथी फूटपट्टी घेऊन बसते. तिच्या बीजगणिताच्या बाईंसारखा आवाज काढते. "हं, सांगा, वजा गुणिले वजा?"

"वजा."

फूटपट्टी. "अधिक!"

"का पण?"

"का म्हणजे? बाईंनी सांगितलंय म्हणून."

"हे काही कारण झालं?"

"ताई, तुला शिकायचंय का भांडायचंय?"

दोन्ही. पण कबूल नाही केलं.

१७ जाने.

अक्षरांची बेरीज येते आता. कंस सोडवताना चिन्ह चुकतं. दर वेळी चुकतं. रुथी म्हणते, "पालथ्या घड्यावर पाणी." तिला सांगितलं, पाणी जपून वापर, नळ दोन दिवसांआड येतो.

झोप पुरत नाही. चूल, कॉलेज, धाकट्या पोरींचा अभ्यास, मग हे. आज लॉजिकच्या तासाला बसल्या बसल्या डुलकी लागली. सरांनी नाव घेतलं तर मी उभं राहून म्हटलं, "अधिक."

वर्ग खदाखदा हसला. हसा लेको.

२८ जानेवारी, रविवार

उपकारस्तुतीची सभा. बाबा-आई गावाहून आले. दर वर्षी लोक शेतातलं पहिलं पीक आणतात, प्रार्थनेनंतर चर्चच्या अंगणात लिलाव. घेणारा परत देवालाच देऊन टाकतो, की तीच वस्तू पुन्हा लिलावात. यंदा शेतात काय होतं आणायला? पाळकसाहेबांनी सांगितलं होतं, असेल ते आणा. अंडी, एक कोंबडा, कुणीतरी मोरीच्या पाण्यावर वाढवलेला एकुलता एक भोपळा.

लिलाव पुकारायला दर वर्षीप्रमाणं बाबा. आवाज असा लागला की वाटेना हा माणूस महिनाभर रिकाम्या बाकांशी बोलतोय. "भोपळा बघा मंडळी, भोपळा! नेशील घरी तर खाशील, न्हाई तर परत देशील!" तो भोपळा किती जणांनी घेतला आणि परत दिला. भाव चढतच गेला. कोरड्या गावाची कोरडी माणसं, पण हात वर. बघताना डोळे भरून आले माझे. बाबांचा अभिमान वाटला, आणि त्यांना काही सांगितलेलं नाही याची लाजही.

२९ जाने.

मुळे सरांना लिलाव सांगितला. खूप हसले. मग म्हणाले, "म्हणजे ते भोपळ्याची किंमत देतच नव्हते. कशाची देत होते?"

म्हटलं, "चारचौघांत हात वर केल्याची."

"शाब्बास. आता हे मांडून दाखव."

"मांडते की सर. शब्दांत."

"शब्दांत सगळेच मांडतात गं," म्हणाले, आणि उठून गेले. राग आला. खरं बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा.

१३ फेब्रु.

रुथीवर ओरडले. भूमिती काढली तिनं. प्रमेय सिद्ध करायचं. म्हटलं, दोन कोन सारखे दिसतायत, सिद्ध काय करायचंय त्यात डोंबल? ती म्हणाली, "दिसतं म्हणून चालत नाही ताई." मी वही भिरकावली. म्हणाले, "तू तुझं बघ. मोठी आली शहाणी."

वही उचलून गेली. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

१५ फेब्रु.

रुथी जेवायला दुसऱ्या पंगतीत बसते.

१६ फेब्रु.

मीच गेले. म्हटलं, "बाई, शिकवता का?" आधी तोंड फिरवलं, मग हसू फुटलं तिला. "फी लागेल." फी म्हणजे माझ्या वाटणीचा रविवारचा गूळ. घे बाई.

आणि आज झालं! दोन समीकरणं, एक्स आणि वाय दोघंही बेपत्ता. एकाला हाकललं, दुसरा सापडला, त्याला धरून पहिला. माझं मी. रुथीनं बोटही लावलं नाही. उत्तर उलटं घालून पाहिलं, जुळलं. मी कठड्यावरून उडीच मारली. पोरी बघायला लागल्या. इतका आनंद मला पहिल्या नंबराचा झाला नव्हता. तो दुसऱ्यांना झाला होता.

९ मार्च

मुळे सर मला घेऊन गणिताच्या गंधे सरांकडं गेले. ते विभागप्रमुख. टेबलावर खडूची पूड, तपकिरीची डबी. माणूस सरळ आहे, बोलतो मात्र विळ्यासारखा.

"लोअर? आणि एफ. वाय.ला गणित? मुली, इथं हायरवाले गटांगळ्या खातात."

मुळे सर म्हणाले, "ती शिकतेय स्वतः."

"कुणाकडं?"

मी म्हटलं, "बहिणीकडं."

"बहीण काय करते?"

"आठवीत आहे."

गंधे सरांनी तपकीर ओढायची थांबवली. शिंकायचं का हसायचं तेच त्यांना ठरवता येईना. शेवटी म्हणाले, "जूनमध्ये ये. मी पेपर काढतो. मॅट्रिकचं पूर्ण, भूमितीसकट. जमलं तर सही करीन. नाही जमलं तर इतिहास घे आणि सुखी राहा. मला मुलींशी वैर नाही, पण तुझं वर्ष मी बुडवणार नाही."

बाहेर येऊन मुळे सर म्हणाले, "भला माणूस आहे." असेल. बोर्डिंगात येऊन आधी रुथीचं भूमितीचं पुस्तक काढलं.

४ एप्रिल

प्री-डिग्रीची परीक्षा चालू. अर्थशास्त्र चांगलं. इंग्रजी बरं. लॉजिक देव जाणे. अंग मोडून आलंय. बीजगणिताला हात नाही.

२ मे

घरी. ऊन असं की कोंबड्यासुद्धा घराबाहेर पडत नाहीत. गावाला टँकर येतो. आई हंडा लावून बसते, मी आणि रुथी आळीपाळीनं. नंबर येईपर्यंत मुळे सरांनी आणून दिलेल्या मॅट्रिकच्या जुन्या पुस्तकातले अवयव पाडते. अवयव पाडणं म्हणजे एका मोठ्या पदाचे तुकडे करायचे, आणि परत गुणले की तेच आलं पाहिजे. जमिनीवर काडीनं लिहिते. शेजारची सोनाकाकू म्हणाली, "काय गं कुसुम, करणी करतीस का काय कुनावर?" म्हटलं, "व्हय काकू, गंधे सरांवर."

११ मे

बाबांना सांगितलं. आज सांगायचंच असं उठल्यापासून ठरवलं होतं, तरी दुपार झाली. ते बाजेवर पडले होते, टोपी तोंडावर.

मी म्हटलं, डी. एड. नको. अर्थशास्त्र करायचंय. बी. ए., मग पुण्याला एम. ए. त्याला गणित लागतं, ते मला नव्हतं, म्हणून शिकतेय.

बाबांनी तोंडावरची टोपी काढली. मग म्हणाले, "साहेबांनी शब्द दिलाय. मी काय सांगू त्यांना?"

"माहीत नाही."

"आन् नापास झालीस म्हंजे? पहिली आलेली पोर नापास झाली तर लोक काय..." 

मी चिडले. उन्हानं, दमल्यानं, कशानं ते कळत नाही. म्हटलं, "पहिली, पहिली! त्या पहिलीनंच अडवलंय मला. हायर दिलं असतं तर दहावी आले असते, पण आज सरांपुढं मान खाली घालून उभी नसते राहिले!"

बाबा उठून बसले. चेहरा असा झाला की शब्द परत घ्यावेत. म्हणाले, "मीच हो म्हनलो होतो."

आई आतून, "गप ऱ्हावा दोघं. भर दुपारी कशाला वाद."

 मी फार वाईट बोलले. बोलले ते खरं होतं म्हणून जास्तच वाईट.

१३ मे

चर्चहून आल्यावर बाबांनी रुथीचं बीजगणित मागितलं. चष्मा लावून कडुनिंबाखाली वाचत बसले. किती तरी वेळ. मग मला हाक मारली. "कुसुम, हे आमाला नव्हतंच गं. आमची फायनल म्हंजे निस्ती सातवी. हायर-लोअर काय असतं मला तवा समजलंच न्हवतं. बाई म्हनली पहिली येईल, म्या म्हनलो, देवाची कृपा."

 त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. "वाच मोठ्यानं. मी बी ऐकतो."

वाचलं. त्यांना काही कळलं नाही. ऐकत राहिले.

२६ मे

संस्थेच्या साहेबांना बाबांनी अजून नाही म्हणून सांगितलेलं नाही. हो म्हणूनही नाही. जागा जूनअखेरपर्यंत धरून ठेवतील म्हणे. म्हणजे माझ्यासाठी एक दार उघडं ठेवलंय बाबांनी. रागवावं का पाया पडावं, ठरत नाही.

११ जून

निकाल. फर्स्ट क्लास. फ्रीशिप टिकली. रुथी नाचली, मी झोपले. खरंच, दुपारभर झोपले.

१५ जून

गंधे सरांचा पेपर.

त्यांच्या खोलीतच, त्यांच्यासमोर. पंखा नाही. पहिले तीन प्रश्न सुटले. भूमितीचं प्रमेय आलं, रुथीनं घोकून घेतलेलंच होतं, पण या वेळी का ते कळत होतं. मग मजुरांचं उदाहरण. समीकरण मांडलं, सोडवलं, उत्तर आलं साडेसात मजूर.  सगळं खोडलं, परत पहिल्यापासून. आठ आले.

सरांनी तपासलं. शेवटचा एक चुकलाच होता, त्यावर लाल रेघ. मग खोडलेल्या जागेवर बोट ठेवलं. "हे का खोडलंस? मांडणी तर दिसायला ठीक होती."

"सर, अर्धा मजूर आला."

"मग?"

"खडीवर अर्धा मजूर घेत नाहीत सर."

खोलीभर हसले. शिपाई डोकावून गेला. मग गंभीर झाले. "पाठांतर नाही हे. बरं. मी सही करतो. पण ऐक. सहामाहीत पास झाली नाहीस तर गणित सोडावं लागेल, आणि तेव्हा दुसरा विषय मिळायचा नाही. वर्ष जाईल. फ्रीशिप तर जाईलच. मी तुला घाबरवत नाही, सांगून ठेवतो. बुधवारपर्यंत विषय कळव ऑफिसात."

जिंकले असं वाटायला हवं होतं. पायऱ्या उतरताना मोजत होते, बुधवारला पाच दिवस.

१६ जून

गणिताचे तास सकाळी सातला, सायन्सच्या इमारतीत. त्याच वेळी माझी चूल. मे. बाईंकडं गेले.

"चूल कोण पेटवणार मग? तुझे एक्स-वाय?"

शीलानं सकाळ घेतली, देव तिचं भलं करो. बदल्यात संध्याकाळची चूल, भांडी, शिवाय धाकट्या पोरींचा अभ्यास माझ्याकडं. मे. बाई म्हणाल्या, "फुकट राहणाऱ्या मुलीनं असले शौक करू नयेत. पण फर्स्ट क्लास आणलायस, म्हणून ऐकतेय." उपकारच.

हिशेब करून पाहिला, अभ्यासाला वेळ कुठला. सापडला नाही. आत्ताच दमलेय मी, अजून सुरूही नाही झालं.

मुळे सर म्हणतात, "घे." पुढं बोलत नाहीत. त्यांना किती वाटतंय ते दिसतं, त्याचंही ओझं होतं.

१८ जून

नवीनच. शाळेनं बाबांना बोलावलंय, रुथीसाठी. नववीला लोअर का हायर ते ठरवायचंय. आमच्या वेळी हे आठवीलाच ठरायचं. रुथी म्हणाली, हेडबाई वर्गात तिला म्हणाल्या, "तू पण ताईसारखी पहिली येणार ना?"

मी म्हटलं, "मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, ताईला विचारते."

१९ जून, मंगळवार

बाबा सकाळच्या यस्टीनं आले. शाळेत आम्ही तिघं हेडबाईंसमोर. त्याच हेडबाई, तीच खुर्ची. बाई प्रेमानंच बोलल्या, उगाच कशाला दोष देऊ. "मास्तर, मोठीनं नाव काढलं. ही तिच्याहून तल्लख आहे. लोअर द्या, बोर्डात येईल. हायर दिलं तर मार्क कुठं जातील सांगता येत नाही, आणि बोर्डिंगची सवलत मार्कांवर असते, तुम्ही जाणताच."

बाबांनी टोपी मांडीवर ठेवली होती. ती फिरवत राहिले. मला वाटलं, हो म्हणतात आता. पण ते माझ्याकडं वळले.

"मागल्या टायमाला मी बाईंना इचारलं होतं. या वेळी तुला इचारतो. सांग कुसुम, काय करू?"

"हायर," मी म्हटलं. क्षणभरही थांबले नाही. "हायरच. मार्क पडले तर पडू देत. तिला येतं. जे येतं ते काढून घेऊ नका तिच्याकडून."

बाई म्हणाल्या, "आणि सवलत गेली तर?"

"बघू तेव्हा."

बाबा बाईंना म्हणाले, "हायर लिवा." एवढं सरळ मी त्यांना कुणा मोठ्या माणसापुढं बोलताना पाहिलं नव्हतं.

बाहेर आलो. आवारात चाफ्याखाली बाबांनी तंबाखू काढली, तशीच ठेवली. म्हणाले, "बरं झालं. आता तुझं सांग. उद्या कॉलेजात गनित सांगनार का इतिहास? का साहेबांना डी. एड.चं हो म्हनू? तू सांगशील ते. मी मधी पडनार न्हाई."

तोंड उघडलं. शब्द नाही. आत्ता खोलीत इतकी घडाघडा बोलणारी मी. डोळ्यांपुढं सकाळचे सात, संध्याकाळची चूल, सहामाही, गेलेलं वर्ष, चर्चमधले लोक, बाबांचं तोंड. 

रुथी आमच्या दोघांकडं बघत होती. म्हणाली, "वा गं ताई! मला ढकललंस विहिरीत, आणि स्वतः काठावर उभी?"

बाबा म्हणाले, "गप गं." पण हसले नाहीत. मीही नाही. तिचं खरं होतं. तिच्या वर्षांची मला भीती वाटली नाही, माझ्या एका वर्षाची वाटली.

बाबा दुपारच्या गाडीनं गेले नाहीत. ओळखीच्यांकडं मुक्काम करतायत. म्हणाले, उद्या तुझ्यासंगं कॉलेजात येतो, बाहेर थांबतो, घाई न्हाई.

उद्या बुधवार. मी अजून त्यांना काहीच सांगितलेलं नाही.